अस्ताव्यस्त प्रकाश आणि अचूक दिशा

सोलापूर शहर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे आणि एवढ्या एका आकड्यावरून या शहरातील कोणत्याही टेबलावर निश्चल ठेवलेली वस्तू प्रत्यक्षात किती वेगाने फिरत असते याचे गणित मांडता येते. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात ताशी १५.०४ अंश या वेगाने स्वतःभोवती फिरते. या परिवलनाचा उभ्या अक्षाभोवतीचा घटक सोलापुरात ताशी सुमारे ४.६ अंश, तर उत्तरेकडे रोखलेल्या आडव्या अक्षाभोवतीचा घटक ताशी सुमारे १४.३ अंश भरतो. माणसाच्या कोणत्याही इंद्रियाला न जाणवणारी ही गती बाहेरच्या कोणत्याही खुणेचा, ताऱ्याचा, चुंबकाचा किंवा उपग्रहाच्या संदेशाचा आधार न घेता मोजून दाखवणाऱ्या उपकरणाला जायरोस्कोप म्हणतात. काचेच्या तंतूत प्रकाश खेळवून हेच काम करणारा प्रकाशतंतू जायरोस्कोप, आणि त्याची अचूकता त्यात सोडलेल्या प्रकाशाच्या जातीवर कशी अवलंबून असते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयाचे सोलापूरशी असलेले नाते थोडे आडवळणाचे, पण खरे आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी या शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या रूपाने भारतीय जहाजवाहतुकीचा पाया घातला, डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली, आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. जहाज काय किंवा विमान काय, त्याचा सांगाडा आणि इंजिन देशात बनले तरी ‘आपण कोठे आहोत आणि कोणत्या दिशेने चाललो आहोत’ हे सांगणारे यंत्र बाहेरून आणावे लागत असेल, तर ते स्वावलंबन अर्धेच राहते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या पुढच्या रूपात, म्हणजे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या उत्तर प्रदेशातील कोरवा येथील विभागात, विमानांसाठीच्या जडत्वीय दिशादर्शन प्रणाली तयार होतात, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

जडत्वीय दिशादर्शनात तीन जायरोस्कोप तीन परस्परलंब अक्षांभोवतीचे फिरणे मोजतात, तीन त्वरणमापक वेगातील बदल मोजतात, आणि संगणक या नोंदींची सतत बेरीज करत वाहनाचे स्थान काढत राहतो. बेरीज हीच या पद्धतीची ताकद आहे आणि तिचे दुखणेही तेथेच आहे, कारण खऱ्या गतीबरोबर चुकीचीही बेरीज होत जाते. वाहन मुळीच फिरत नसताना जायरोस्कोपने दाखवलेल्या खोट्या वेगाला शून्यदोष म्हणतात. पृथ्वीच्या पृष्ठावर एका अंशाची कमान सुमारे १११ किलोमीटरची असते, त्यामुळे ताशी ०.०१ अंश एवढा शून्यदोष असलेल्या यंत्राच्या भरवशावर तासभर उडालेल्या विमानाचे स्थान ढोबळमानाने एक किलोमीटरने चुकते. प्रवासी विमानांच्या दिशादर्शनासाठी साधारण हीच मर्यादा मानली जाते. समुद्राखाली आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या पाणबुडीला याहून कितीतरी कडक मर्यादा लागते. उपग्रहांचे संदेश हेतुपुरस्सर अडवले जाण्याचे किंवा खोटे संदेश सोडले जाण्याचे प्रकार वाढत असल्याने ही जुनी, स्वयंपूर्ण पद्धत आज पुन्हा अत्यावश्यक ठरली आहे.

लेआँ फूको याने १८५२ मध्ये वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या साहाय्याने पृथ्वीचे परिवलन दाखवले आणि त्या यंत्राला जायरोस्कोप हे नाव दिले. पुढे शंभर वर्षे जायरोस्कोप म्हणजे फिरते चाक हेच समीकरण राहिले. प्रकाशाचा मार्ग १९१३ मध्ये जॉर्ज सान्याक या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगाने खुला झाला. एकाच प्रकाशाचे दोन भाग करून ते एका बंद वाटेवर परस्परविरुद्ध दिशांनी सोडले आणि ती वाट स्वतः फिरत असली, तर फिरण्याच्या दिशेने गेलेल्या प्रकाशाला आपल्या आरंभबिंदूशी परत पोहोचण्यास किंचित जास्त, तर उलट दिशेने गेलेल्या प्रकाशाला किंचित कमी वेळ लागतो. या वेळेच्या फरकामुळे दोन्ही लहरींच्या शिखरांचा मेळ थोडा बिघडतो. त्या बिघाडाला कलांतर म्हणतात आणि तो फिरण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो. १९२५ मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सुमारे ६१२ मीटर लांब व ३३९ मीटर रुंद अशा निर्वात नळांच्या आयतातून प्रकाश फिरवून पृथ्वीचे परिवलन मोजले. दोन लहरी एकमेकींत मिसळून उमटणारे व्यतिकरणाचे पट्टे ०.२३६ पट्ट्याने सरकावेत असे गणित सांगत होते आणि निरीक्षणात ०.२३० मिळाले. मात्र एवढे शेत अडवणारे यंत्र विमानात बसवता येत नाही.

कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये प्रकाश फारसा न गमावणारा काचतंतू तयार केला आणि ही अडचण सुटण्याची शक्यता निर्माण झाली, कारण एका हातात मावणाऱ्या वेटोळ्यात आता हजारो फेऱ्यांची वाट सामावू शकत होती. १९७६ मध्ये यूटा विद्यापीठातील वाली आणि शॉर्टहिल यांनी असे वेटोळे वापरून सान्याक परिणाम दाखवला. वेटोळ्यातील तंतूची लांबी व वेटोळ्याचा व्यास यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि प्रकाशाच्या तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात कलांतर मिळते. काचेचा अपवर्तनांक या सूत्रातून पूर्णपणे निघून जातो, ही सान्याक परिणामाची विलक्षण गोष्ट आहे. १ किलोमीटर तंतू, १० सेंटिमीटर व्यास आणि १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबी घेतली, तर ताशी ०.०१ अंश या वेगाला दोन लहरींच्या वाटांत पडणारा फरक सुमारे ०.०१६ पिकोमीटर, म्हणजे सोन्याच्या अणूच्या केंद्रकाच्या रुंदीएवढा भरतो. एक किलोमीटर चालून आलेल्या दोन लहरींमधील एवढा फरक ओळखायचा, तर त्या दोन्ही लहरींनी अगदी एकच वाट चाललेली असली पाहिजे आणि वाटेत तिसरी कोणतीही लहर त्यांच्यात मिसळता कामा नये.

पहिल्या अटीसाठी वेटोळ्याची गुंडाळणी निर्णायक ठरते. तंतूच्या एका टोकाजवळचा भाग अगोदर तापला आणि दुसऱ्या टोकाजवळचा नंतर, तर दोन लहरी तो बदल वेगवेगळ्या वेळी अनुभवतात आणि यंत्राला फिरण्याचा भास होतो. हा दोष शूप याने १९८० मध्ये दाखवून दिला. त्यावर उपाय म्हणून तंतूच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंचे थर ठरावीक क्रमाने आलटून पालटून एकमेकांशेजारी बसवले जातात. मागावर चढवायच्या ताण्यातील प्रत्येक धागा सारख्या ताणाने गुंडाळला नाही तर चादरीत दोष उतरतो, हे सोलापूरच्या विणकराला वेगळे सांगावे लागत नाही; तंतूच्या वेटोळ्यालाही समान ताणाची हीच शिस्त लागू पडते. गुंडाळणीचे हे शास्त्र एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. दुसरी अट, म्हणजे तिसरी लहर मिसळू न देणे, ही मात्र मुख्यतः प्रकाशस्रोताकडून पुरी होते.

आरंभीच्या प्रयोगांत लेसर वापरला जाणे स्वाभाविक होते. लेसरचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो आणि त्याच्या लहरींचा क्रम फार लांबपर्यंत टिकतो. ज्या अंतरापर्यंत लहर स्वतःच्याच मागच्या भागाशी ओळख राखते, त्या अंतराला सुसंगती लांबी म्हणतात आणि लेसरच्या बाबतीत ती शेकडो मीटर किंवा किलोमीटरही असू शकते. व्यतिकरणाच्या इतर बहुतेक प्रयोगांत हा गुण मोलाचा असतो, पण जायरोस्कोपमध्ये नेमका हाच गुण दोष ठरला. काच घट्ट होताना तिच्यात गोठून राहिलेल्या घनतेच्या सूक्ष्म चढउतारांमुळे तंतूच्या प्रत्येक भागातून थोडा प्रकाश विखुरतो. त्याला रॅले विखुरण म्हणतात, आणि त्यातला काही अंश उलट फिरून तंतूतूनच परत येतो. लेसरची स्मरणशक्ती दीर्घ असल्याने वाटेत कोठूनही परतलेली ही चुकार लहर मुख्य लहरीशी व्यतिकरण करते, आणि तापमानाच्या किंवा कंपनाच्या अल्पशा बदलाने तिची कला बदलत राहिल्यामुळे यंत्राचे शून्य भटकू लागते. कटलर, न्यूटन आणि शॉ यांनी १९८० मध्ये या मर्यादेचे विश्लेषण मांडले. दुसरा दोष ध्रुवणाचा होता. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दोलने कोणत्या दिशेत होतात यालाच ध्रुवण म्हणतात. तंतूत दोन ध्रुवणांचा प्रकाश किंचित वेगळ्या गतीने जातो आणि तंतूवर दाब किंवा बाक आला की एका ध्रुवणातील थोडा प्रकाश दुसऱ्यात पाझरतो; ही पाझरलेली लहर मुख्य लहरीत मिसळली की खोटे कलांतर दिसते.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म आणि त्याचा उलगडा सर्वांत सुंदर आहे. प्रकाशाची तीव्रता वाढली की काचेचा अपवर्तनांक अत्यल्प प्रमाणात वाढतो, याला कर परिणाम म्हणतात. विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन स्थिर लहरींच्या बाबतीत प्रत्येक लहरीवर स्वतःच्या तीव्रतेचा परिणाम एकपट, तर समोरून येणाऱ्या लहरीच्या तीव्रतेचा परिणाम दुप्पट होतो. दोन लहरींत प्रकाश अगदी समान वाटला गेला नाही, तर या एकपट-दुपटीच्या तफावतीमुळे खोटे कलांतर निर्माण होते. परंतु प्रकाशाची तीव्रता स्थिर नसून क्षणोक्षणी यादृच्छिकपणे उसळत असेल, जशी ती तप्त पदार्थाच्या प्रकाशात असते, तर तीव्रतेच्या वर्गाची सरासरी ही सरासरी तीव्रतेच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट होते. त्यामुळे स्वतःचा परिणामही दुप्पट भरतो, दोन्ही लहरींवरील एकूण परिणाम समान होतो आणि खोटे कलांतर आपोआप नाहीसे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बर्ग, लफेव्हर आणि शॉ, तसेच एझेकिएल आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून १९८०च्या दशकाच्या आरंभी हे स्पष्ट झाले. निसर्गाने इतक्या नेमकेपणाने दिलेली सवलत मोजमापशास्त्रात क्वचितच आढळते.

अशा रीतीने उत्तम प्रकाश म्हणजे सुसूत्र प्रकाश ही समजूत सोडून द्यावी लागली. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये रुंद वर्णपटाच्या स्रोतांवर चालणाऱ्या जायरोस्कोपचे काम प्रसिद्ध केले. या दिशेने वापरात आलेला स्रोत म्हणजे सुपरल्युमिनेसंट डायोड. अर्धवाहकाच्या या तुकड्यात लेसरसारखेच प्रकाशाचे वर्धन होते, पण आरशांची जोडी नसल्याने कोणतीही एक तरंगलांबी वरचढ होत नाही. वर्णपटाची रुंदी १० नॅनोमीटर धरली, तर १.५५ मायक्रोमीटरला सुसंगती लांबी सुमारे पाव मिलिमीटर उरते. एवढ्या आखूड स्मरणशक्तीच्या प्रकाशात किलोमीटरभर तंतूच्या केवळ मध्यबिंदूजवळच्या पाव मिलिमीटरच्या पट्ट्यातून विखुरलेला प्रकाशच मुख्य लहरीशी जुळू शकतो, बाकीचा निरुपद्रवी होतो. ध्रुवण राखणाऱ्या विशेष तंतूत दोन ध्रुवणांच्या गतीतील फरकामुळे सुमारे अर्ध्या मीटरच्या वाटचालीतच चुकीच्या ध्रुवणाची लहर मागे पडून तिची ओळख पुसली जाते.

मात्र या सुधारणेची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. त्यांपैकी पहिली तरंगलांबीच्या स्थैर्याची आहे. कलांतर तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असल्याने मोजलेल्या कलांतरावरून वेग काढताना सरासरी तरंगलांबी माहीत असावी लागते. कलांतर आणि वेग यांना जोडणाऱ्या या गुणकाला प्रमाणांक म्हणतात. शून्यदोष उभ्या यंत्रालाही छळतो, तर प्रमाणांकाची चूक वाहन वळले की दिसते. अर्धवाहक डायोडची तरंगलांबी तापमानाच्या दर अंशाला दशलक्षात सुमारे ४०० भाग सरकते. सोलापुरात हिवाळ्यातली पहाट १५ अंश सेल्सिअसची आणि मे महिन्यातली दुपार ४२ अंशांची धरली, तर तापमान न सांभाळलेल्या डायोडची तरंगलांबी दोन्हींमध्ये सुमारे एक टक्क्याने बदलेल आणि ९० अंशांचे वळण मोजताना जवळजवळ एका अंशाची चूक होईल. दिशादर्शनात ही चूक अक्षम्य आहे, म्हणून अशा डायोडला विद्युतशक्तीवर चालणारा शीतक आणि काटेकोर नियंत्रण जोडावे लागते.

यावरचा अधिक मूलगामी उपाय दूरसंचार क्षेत्रातून आला. १९८७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठ आणि बेल प्रयोगशाळा येथे अर्बियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचे आयन मिसळलेला तंतू प्रकाशवर्धक म्हणून सिद्ध झाला. ९८० नॅनोमीटरच्या लहान ‘पंप’ लेसरने अशा तंतूला ऊर्जा दिली की अर्बियमचे आयन १.५३ ते १.५६ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश सोडतात, आणि आरशांविना तो तंतूतच वाढत जाऊन बाहेर पडतो. या स्रोताला अतिप्रदीप्त तंतुस्रोत म्हणता येईल. त्याचे मुख्य बळ अणुरचनेत आहे. प्रकाश देणारे अर्बियमचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आड सुरक्षित असल्याने भोवतालच्या काचेचे तापमान त्यांच्या ऊर्जापातळ्यांना फारसे हलवू शकत नाही, आणि काळजीपूर्वक आखलेल्या स्रोताची सरासरी तरंगलांबी दर अंशाला दशलक्षात काही मोजकेच भाग सरकते. प्रकाश मुळातच तंतूत निर्माण होत असल्याने तो वेटोळ्यात उतरवणेही सोपे जाते. नव्वदच्या दशकात वायसॉकी, डिगोने, किम आणि शॉ यांनी या स्रोतांचे गुणधर्म सविस्तर मांडले, आणि उच्च अचूकतेच्या जायरोस्कोपात हाच स्रोत रूढ झाला. फ्रान्सच्या २०११ मध्ये सोडलेल्या प्लेयाद उपग्रहाची दिशा सांभाळणारे जायरोस्कोप याच तंत्रपरंपरेतील आहेत.

दुसरी किंमत गोंगाटाची, म्हणजे संकेतावर स्वार झालेल्या यादृच्छिक चढउतारांची आहे. रुंद वर्णपटातील असंख्य तरंगलांबी एकमेकींशी मिसळून प्रकाशाची तीव्रता सतत थरथरत ठेवतात. कर परिणाम घालवणारी तीच उसळी येथे उपद्रव देते. प्रकाश कणरूपाने येण्यामुळे होणारा मूलभूत गोंगाट प्रकाश वाढवून तुलनेने कमी करता येतो, पण या अतिरिक्त गोंगाटाचे संकेताशी असलेले प्रमाण प्रकाश कितीही वाढवला तरी बदलत नाही. ते केवळ वर्णपट आणखी रुंद केल्यानेच उतरते. स्रोतातील थोडा प्रकाश वेटोळ्यात जाण्यापूर्वी वेगळा काढून, वेटोळ्यातील प्रवासाइतकाच उशीर देऊन त्याची थरथर मुख्य संकेतातून वजा करणे, किंवा व्यतिकरणाचा कार्यबिंदू पट्ट्याच्या अंधाऱ्या भागाकडे सरकवणे, असे उपाय वापरात आहेत. त्यांनी मोठी सुधारणा होते, तरी ही अडचण मुळातून जात नाही.

स्टॅनफर्डमध्ये डिगोने यांच्या गटाने या टप्प्यावर पुन्हा लेसरकडे वळून पाहिले. लेसरच्या प्रकाशाची तीव्रता शांत असते आणि त्याची तरंगलांबी दशलक्षात एका भागापेक्षाही अधिक स्थिर ठेवता येते. म्हणजे रुंद वर्णपटाच्या दोन्ही उणिवा त्याच्याकडे नाहीत, त्याची एकच खोड म्हणजे दीर्घ स्मरणशक्ती. तेव्हा ती स्मरणशक्ती मुद्दाम बिघडवावी, हा विचार पुढे आला. लिथियम नायोबेटच्या स्फटिकापासून बनवलेल्या कला-बदलकातून लेसरचा प्रकाश नेला आणि त्या बदलकाला गॉसियन विद्युत-गोंगाट पुरवला, तर लहरींचा क्रम विस्कळीत होऊन वर्णरेषा हजारो पटींनी रुंदावते. गोंगाटाची पातळी योग्य निवडली की मूळची तीक्ष्ण रेषा जवळजवळ लोपते आणि सुसंगती लांबी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटरपर्यंत येते. विस्कळीत होते ती केवळ कला, तीव्रता शांतच राहते. शमून आणि डिगोने यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा लेसरवर चालणारा जायरोस्कोप विमानांच्या दिशादर्शनाची पातळी गाठत असल्याचे दाखवले.

या उपायातील एक त्रुटी भौतिकशास्त्राच्या आधारे आधीच सांगता येते आणि ती लपवण्याचे कारण नाही. तीव्रता शांत राहिली की वर वर्णिलेली एकपट-दुपटीची सवलत हिरावली जाते आणि कर परिणाम परत येतो. म्हणून दोन दिशांना प्रकाश अगदी समान वाटणारा कपलर, कमी शक्तीचा प्रकाश, किंवा काचेऐवजी पोकळीतून प्रकाश नेणारा तंतू यांचा आधार घ्यावा लागतो. असे असले तरी कला अस्ताव्यस्त आणि तीव्रता शिस्तबद्ध असा, निसर्गात आपोआप न मिळणारा प्रकाश मोजमापाच्या गरजेनुसार घडवणे ही या क्षेत्रातील गेल्या चाळीस वर्षांची सर्वांत परिपक्व कल्पना म्हणावी लागेल. स्रोत चांगला की वाईट हे स्रोताकडे पाहून ठरत नाही, ते त्याच्यापुढे असलेल्या वेटोळ्याच्या दोषांवरून ठरते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या उपकरणाचा एक उपयोग दिशादर्शनाइतकाच महत्त्वाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाने सोलापूरच्या शेजारच्या लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, आणि दगड-मातीच्या जाड भिंती कोसळून गावे भुईसपाट झाली. सामान्य भूकंपमापक जमिनीचे पुढे-मागे, डावे-उजवे आणि वर-खाली हलणे नोंदतो. भूकंपात जमीन अत्यल्प पिळलीही जाते आणि कलंडतेही, आणि ही घूर्णनगती थेट मोजण्यासाठी प्रकाशतंतू जायरोस्कोपवर आधारित भूकंपमापक आता तयार होतात. येथे मोजायचा वेग क्षणिक आणि सूक्ष्म असल्याने शून्यदोषापेक्षा गोंगाटाचे महत्त्व अधिक, म्हणजे स्रोताच्या निवडीचे निकषही वेगळे.

भारतात जडत्वीय उपकरणांचे काम जुने आणि भक्कम आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चंद्रयान-३च्या अवतरकात लेसर जायरोस्कोपवर आधारित संदर्भप्रणाली होती, आणि कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेने अर्बियमयुक्त तंतू विकसित केला आहे. तंतू जायरोस्कोपची खरी परीक्षा त्याच्या भागांत असते. पंप लेसर, ध्रुवण राखणारा तंतू, लिथियम नायोबेटचा बदलक, रुंद वर्णपटाचा डायोड यांपैकी एकाचाही पुरवठा बाहेरून थांबला तर संपूर्ण यंत्र थांबते. म्हणून या भागांचे, आणि त्यातही प्रकाशस्रोताचे, ज्ञान मोजक्या राष्ट्रीय प्रयोगशाळांपुरते न राहता जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत उतरणे आवश्यक आहे.

हे काम अवाक्याबाहेरचे नाही. ९८० नॅनोमीटरचा पंप लेसर, काही मीटर अर्बियमयुक्त तंतू, पंप आणि संकेत एकत्र आणणारा कपलर आणि प्रकाश उलटा परतू न देणारा आयसोलेटर एवढ्या सामग्रीत अतिप्रदीप्त स्रोत टेबलावर उभा राहतो. पंपाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि दृष्टिपटलाला इजा करू शकतो, एवढे भान मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच द्यावे लागेल. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी किंवा सोलापूर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असा स्रोत मे महिन्यात वातानुकूलनाशिवाय पहाटेपासून दुपारपर्यंत चालवला आणि तापमानात १६ अंशांची वाढ झाली असे धरले, तर दर अंशाला दशलक्षात ४ भाग या हिशेबाने सरासरी तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकावी. त्याच टेबलावर शीतकाविना ठेवलेल्या डायोडची सरक मात्र १० नॅनोमीटरच्या घरात जाईल. चांगल्या वर्णपटमापकाला हे दोन्ही आकडे दिसतात. नंतर पंपाची शक्ती, तंतूची लांबी आणि परावर्तित होणारा प्रकाश एकेक करून बदलत ०.१ नॅनोमीटरची ती सरक कोणत्या मांडणीत सर्वांत कमी होते याचा शोध घेता येईल, आणि सोलापूरचे ऊन या मोजणीत फुकट मिळालेली भट्टी ठरेल.